पानापासून उलटं मोजत: घरच्या हायड्रोपोनिक शेल्फसाठी एलईडी ग्रो लाइट

माझा पहिला ग्रो लाइट विकतचा होता. खोक्यावर ठळक आकड्यांत १००० वॅट लिहिलेलं. घरी आणून सॉकेटमध्ये वॉटमीटर घालून बघितलं, तर आकडा आला १०३. बाकीचे ८९७ वॅट खोक्यावरच राहिले होते.

तेही एक वेळ चाललं असतं. पण त्याच्या जांभळ्या-गुलाबी उजेडात लेट्यूसचं प्रत्येक पान काळपट दिसायचं. तीन आठवड्यांनी एक रोप सहज खिडकीपाशी नेलं तेव्हा कळलं, की नव्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या आहेत आणि मधला भाग पिवळा पडलाय. ही लोहाची कमतरता. मातीऐवजी रोपं ज्यात वाढतात त्या टाकीतल्या पोषणद्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप) ७ च्या वर गेला होता आणि द्रावणात लोह असूनही मुळांना मिळत नव्हतं. साध्या पांढऱ्या उजेडात हे दोन दिवसांत लक्षात आलं असतं.

पुढचा दिवा मी स्वतः बांधला, आणि त्याचं गणित वॅटपासून सुरू केलं नाही. वॅट सांगतो वीज किती गेली. झाडाला काय मिळालं ते पानावर मोजावं लागतं. म्हणून इथेही पानापासून सुरुवात करून उलटं वर चढायचं: पान, मग दिवा, मग ड्रायव्हर (सॉकेटची वीज दिव्याला चालेल अशी करून देणारा डबा), मग भिंतीतलं सॉकेट.

पानाला किती हवं

प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. तो ल्युमेनमध्ये मोजत नाहीत, कारण ल्युमेन माणसाच्या डोळ्यासाठी बनलेलं माप आहे. झाड फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजतं. कणांची संख्या मोजायचं माप मोल, आणि त्याचा दशलक्षांश मायक्रोमोल. एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, त्या आकड्याला पीपीएफडी म्हणतात. दिवसभरात मिळून किती मोल पडले, तो डीएलआय.

एकातून दुसरा काढणं सोपं आहे: पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६. म्हणजे २५० पीपीएफडी १६ तास दिला तर २५० × १६ × ०.००३६ = १४.४ मोल.

मायक्रोग्रीन आणि कोवळ्या रोपांना दिवसाला ६ ते १२ मोल पुरतात. लेट्यूस आणि बहुतेक पालेभाज्यांना १२ ते १७. टोमॅटो, मिरची यांसारख्या फळझाडांना २० ते ३० लागतात आणि तिथे विजेचं बिल झपाट्याने चढतं. पहिला दिवा बांधत असाल तर पालेभाजीसाठीच बांधा. कमी उजेडात टोमॅटोला पानं भरपूर येतात, पण फळ धरता धरता तुमचा धीर सुटतो.

आणखी एक खुबी. ३०० पीपीएफडी १२ तास आणि २२५ पीपीएफडी १६ तास, दोन्हींचा डीएलआय सारखाच, १२.९६. तरी दुसरा पर्याय बरा. दिवा लहान लागतो, डायोड (दिव्यातले एलईडीचे ठिपके) सौम्य करंटवर चालतात आणि मंद प्रकाशात पान प्रत्येक फोटॉनचा जास्त चांगला वापर करतं. याला अपवाद पालक. दिवस लांबला की तो फुलोऱ्यावर येतो, म्हणून त्याला १२ तासांच्या पुढे नेऊ नये.

शेल्फपासून सॉकेटपर्यंत

पुढच्या सगळ्या हिशोबासाठी १२० × ६० सेंटिमीटरचा शेल्फ धरू. क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर. २५० पीपीएफडी हवा असेल तर पानांवर सेकंदाला २५० × ०.७२ = १८० मायक्रोमोल पडायला हवेत.

दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश पानांवर पडत नाही, काही बाजूंनी निसटतो. तीन बाजूंना पांढरे पत्रे लावले तर सुमारे ८० टक्के पोचतो असं धरा. १८० भागिले ०.८ म्हणजे २२५. दिव्यातून सेकंदाला एवढे मायक्रोमोल बाहेर पडले पाहिजेत.

आता डायोडची कार्यक्षमता. ती 'मायक्रोमोल प्रति जूल' या एककात देतात. चांगल्या मिड-पॉवर पांढऱ्या डायोडच्या पट्ट्या २.५ आरामात देतात, त्यातल्या उत्तम ३ च्या आसपास जातात. माहितीपत्रकात फक्त ल्युमेन प्रति वॅट दिलं असेल, तर ४००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे पांढऱ्या उजेडाची छटा) पांढऱ्या डायोडसाठी त्या आकड्याला ६७ ने भागा. १७० ल्युमेन प्रति वॅट म्हणजे जवळपास २.५. हा भागाकार अंदाजाचा आहे, पण पट्टी निवडायला पुरतो.

२२५ भागिले २.५ म्हणजे ९० वॅट. एवढी वीज डायोडना द्यायची. ड्रायव्हरची कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर सॉकेटमधून ९८ वॅट जातील. रोज १६ तास म्हणजे दिवसाला १.५७ युनिट, महिन्याला सुमारे ४७. सामान घ्यायच्या आधी हा आकडा घरात सांगून टाका.

रंगाचा घोळ

झाडाला फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो, हिरवा ते परत फेकतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पान हिरवं दिसतं कारण थोडा हिरवा परतवला जातो. बराचसा ते शोषून घेतं. कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर घेतलेली आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजमापं हेच दाखवतात: प्रकाशसंश्लेषण लाल प्रकाशात सर्वांत जास्त, पण हिरव्या-पिवळ्यातही भरपूर चालतं. शिवाय हिरवा प्रकाश पानात खोलवर शिरतो आणि खालच्या पानांपर्यंत पोचतो.

पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा थर. थोडा निळा तसाच बाहेर येतो, उरलेल्याचं फॉस्फर हिरव्या, पिवळ्या आणि लाल प्रकाशात रूपांतर करतो. ही निळी चिप बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पालेभाजीसाठी ३५०० ते ४००० केल्विनचा पांढरा घ्या आणि विषय संपवा. त्यातला साधारण पाचवा हिस्सा निळा असतो आणि रोप ठेंगणं, भरीव राहायला तेवढा पुरतो. ६६० नॅनोमीटरचे लाल डायोड जोडले तर कार्यक्षमता आणखी वाढते, कारण लाल फोटॉन बनवायला ऊर्जाच कमी लागते. एका जूलमध्ये ४५० नॅनोमीटरचे जास्तीत जास्त ३.८ मायक्रोमोल मावतात, ६६० चे ५.५. पण लाल डायोडचा व्होल्टेज वेगळा, म्हणून साखळीही वेगळी ठेवावी लागते. पहिल्या दिव्यात हा व्याप नको.

पट्टी आणि ड्रायव्हर निवडताना

रिळावर मिळणारी चिकटपट्टीवाली लवचिक एलईडी पट्टी या कामाची नाही. १२ व्होल्टच्या रीळपट्टीत तीन-तीन डायोड मालिकेत असतात. त्यांना मिळून ९ ते ९.५ व्होल्ट लागतात आणि उरलेले रेझिस्टर तापवण्यात जातात. म्हणजे पाचवा हिस्सा वीज पहिल्याच पायरीला गेली. त्यात खाली धातू नसल्याने उष्णताही निघत नाही.

हवी ती ॲल्युमिनियमच्या पाठीची, कडक, कॉन्स्टंट (ठरावीक, न बदलणाऱ्या) करंटवर चालणारी पट्टी. आपल्या उदाहरणासाठी ५६ सेंटिमीटरची पट्टी धरू. माहितीपत्रकात नेहमीचा करंट ७०० मिलिअँपिअर, आणि ४५० मिलिअँपिअरवर व्होल्टेज २० व्होल्ट. म्हणजे ९ वॅट. अशा दहा पट्ट्या घेतल्या की ९० वॅट झाले.

७०० वर चालवल्या असत्या तर सहा-सात पट्ट्यांत काम भागलं असतं, मग दहा का? डायोडमधला करंट वाढवला की प्रकाश वाढतो, पण त्याच प्रमाणात नाही. प्रत्येक जादा मिलिअँपिअरमधून उजेड थोडा कमी आणि उष्णता थोडी जास्त मिळते. जास्त पट्ट्या, कमी करंट: कार्यक्षम दिव्याची निम्मी किमया एवढीच आहे. शिवाय प्रकाश सम पसरतो, पट्ट्या गार राहतात, आणि एखादी बिघडली तर बाकीच्यांना भार उचलायला जागा उरते.

ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचाच घ्या. डायोड तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो. पुरवठा ठरावीक व्होल्टेजचा असेल तर करंट वाढतो, डायोड आणखी तापतो, करंट आणखी वाढतो. या चक्रातच पट्ट्या जळतात.

आता जोडणी. दहाही पट्ट्या मालिकेत लावल्या तर २०० व्होल्ट डीसी होतात. पाण्याच्या टाकीवर २०० व्होल्ट डीसी टांगायचे नाहीत. मी दोन-दोन पट्ट्या मालिकेत जोडतो, म्हणजे ४० व्होल्ट, आणि अशा पाच जोड्या समांतर. प्रत्येक जोडीला ०.४५ अँपिअर, पाच मिळून २.२५. सगळं ६० व्होल्टच्या खाली राहतं. कोरड्या जागी ६० ही मर्यादा ठीक मानतात. आपल्याकडे हात ओले असतात, म्हणून मी त्याहून खालीच थांबतो.

यासाठी ४८ व्होल्ट, १२० वॅटचा ड्रायव्हर बसतो. दोन गोष्टी मात्र माहितीपत्रकात बघून घ्या: कॉन्स्टंट करंटची व्होल्टेज-मर्यादा, साधारण २४ ते ४८, जिच्यात आपले ४० मावतात, आणि करंट बदलायचा स्क्रू, ज्याने तो २.२५ वर आणता येईल. १२० वर ९० वॅट म्हणजे पाऊण भार, ड्रायव्हर यात खूष असतो. मीन वेल कंपनीच्या एचएलजी मालिकेत 'ए' अक्षराच्या ड्रायव्हरला हा स्क्रू आत असतो, 'बी' ला डिमरसाठी वेगळ्या वायरी बाहेर येतात. मी 'ए' वापरतो. करंट एकदा लावला की पुन्हा हात लावत नाही.

एक जोडी तुटली तर काय होईल, तेही आत्ताच तपासा. उरलेल्या चार जोड्यांत २.२५ अँपिअर वाटले जातील, प्रत्येकी ०.५६. पट्टी ०.७ ची आहे. चालेल.

सांगाडा

९ वॅटच्या पट्टीतून ४ वॅटच्या आसपास उष्णता निघते, बाकीचा प्रकाश. नुसत्या हवेवर गार होणाऱ्या ॲल्युमिनियमचा ढोबळ हिशोब असा: एक वॅट उष्णतेमागे १०० चौरस सेंटिमीटर उघडा पृष्ठभाग असेल तर तापमान सुमारे १० अंशांनी वाढतं. २५ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर उंच कडांचा यू-चॅनेल ५६ सेंटिमीटर लांबीत दोन्ही बाजू धरून ५०० चौरस सेंटिमीटरच्या वर पृष्ठभाग देतो. म्हणजे भरपूर झालं. पंखा, फिन असलेले जाड हीटसिंक यांची गरज नाही.

दहा चॅनेल कापा. कापलेल्या कडा कानशीने नीट घासून घ्या. या कडेने बोट कापलं की जखम आठवडाभर पोषणद्रावणात चुरचुरते. पट्टीला आधीची भोकं असतात, त्यांतून चॅनेलवर खुणा करा, ३ मिलिमीटरचं ड्रिल मारा, भोकांभोवतीची कुसळं काढा. कुसळ राहिलं तर पट्टी धातूवर सपाट बसत नाही आणि नेमकी तिथेच तापते. मग स्पिरिटने पुसून थर्मल टेप लावा आणि दोन्ही टोकांना व मध्ये स्क्रू. स्क्रूचं डोकं पट्टीवरच्या तांब्याच्या रेषेला टेकत असेल तर खाली नायलॉनचं वॉशर घाला.

दोन लांब ॲल्युमिनियम अँगल, १२० सेंटिमीटरचे, शेल्फच्या लांबीत ठेवा आणि दहा चॅनेल शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे त्यांच्यावर बसवा. पायऱ्यांमधलं अंतर सारखं ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. मधल्या रोपावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा उजेड येतो, कडेच्या रोपावर एकाच बाजूचा. म्हणून कडेला पट्ट्या दाट आणि मध्ये विरळ. माझी अंतरं अशी: पहिली पट्टी कडेपासून ४ सेंटिमीटरवर, मग पुढची अंतरं १०, ११, १३, १४, १६, १४, १३, ११, १०, आणि शेवटी पुन्हा ४. बेरीज १२०.

रिव्हेटपेक्षा नट-बोल्ट बरे. पुढे अंतर बदलावंसं वाटतंच.

वायरिंग

०.७५ चौरस मिलिमीटरची एकतारी वायर घ्या. पट्टीवरच्या कनेक्टरमध्ये ती नुसती खुपसायची असते, बारीक तारांची वायर तिथे शिरताना फिसकटते. टोक ८-९ मिलिमीटर सोला, आत ढकला, मग हलकेच ओढून बघा.

क्रम असा. ड्रायव्हरचा प्लस पहिल्या पट्टीच्या प्लसला. पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला. दुसरीचा मायनस ड्रायव्हरच्या मायनसला. ही एक जोडी. अशा पाच जोड्यांचे सगळे प्लस एका लिव्हर कनेक्टरमध्ये, सगळे मायनस दुसऱ्यात. जोडीतल्या पट्ट्या शेजारच्या घेऊ नका. पहिली आणि सहावी, दुसरी आणि सातवी असं घ्या. मग एखादी जोडी बंद पडली तरी शेल्फचा एकच कोपरा काळोखात जात नाही. प्लसला लाल आणि मायनसला काळी वायर, आणि मधल्या जोडाला तिसरा कुठलाही रंग. रात्री अकरा वाजता हे रंग उपयोगी पडतात.

आता माझी चूक. सगळं जोडून झालं, दिवा लावला, आणि एक जोडी अंधारात. कनेक्टरमध्ये वायर नीट बसली नव्हती. ड्रायव्हर चालूच ठेवून मी दुसऱ्या जोड्याही एकेक सोडवून तपासत बसलो. एका क्षणी सगळ्याच सुटलेल्या होत्या. मग एक वायर परत खुपसली. पांढरा लख्ख झोत, बारीक 'टक्', आणि पट्टीवरच्या तीन डायोडांवर मधोमध काळे ठिपके. झालं असं, की भार काढल्यावर ड्रायव्हरचा व्होल्टेज त्याच्या कमाल आकड्यापर्यंत चढतो आणि आतल्या कपॅसिटरमध्ये तेवढी ऊर्जा दबा धरून बसते. पट्टी टेकताच ती सगळी एकदम तिच्यात ओतली जाते. चालू ड्रायव्हरला पट्टी कधीही जोडू नका. बंद करा, मिनिटभर थांबा, मल्टिमीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आलाय बघा, मग हात लावा.

मेन लाइनची बाजू हाताखालची नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, यात कमीपणा नाही. कोणीही केलं तरी चार गोष्टी झाल्याच पाहिजेत. ड्रायव्हरची अर्थिंगची वायर खरोखर अर्थिंगला जोडलेली, आणि ॲल्युमिनियमचा सांगाडाही त्याच अर्थिंगला. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच). ड्रायव्हर आणि एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या वर आणि बाजूला, जमिनीवर कधीच नाही. आणि सॉकेटकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली उतरून मग वर चढणारा झोल, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, सॉकेटात शिरणार नाही.

जोड पाण्यापासून वाचवायला सिलिकॉन वापरत असाल तर नाकाने तपासा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन डायोडजवळ नको. त्यातून सुटणाऱ्या वाफा डायोडच्या आतला चांदीचा थर खराब करतात. बिनवासाचं, न्यूट्रल प्रकारचं घ्या. गंधकाची धुरीही याच कारणाने वर्ज्य.

पहिल्यांदा लावताना

प्रत्येक पट्टीचं प्लस-मायनस एकदा पुन्हा बघा. मल्टिमीटर अँपिअरच्या खाचेत लावून ड्रायव्हरच्या प्लस वायरीत मालिकेत जोडा. करंटचा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पार कमीवर आणा. हा स्क्रू नाजूक असतो, शेवटाला लागला की जोर करू नका. आता वीज चालू करा, आणि हळूहळू २.२५ पर्यंत या. मीटर काढायचा तोही वीज बंद करून.

अर्धा तास चालू ठेवून चॅनेलच्या पाठीला बोट लावा. कोमट ते बऱ्यापैकी गरम लागेल, पण बोट सहज टिकलं पाहिजे. टिकत नसेल तर पट्टी धातूला नीट चिकटलेली नाही. या वेळात प्रत्येक जोडीचा करंट क्लॅम्प मीटरने बघता आला तर उत्तम. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल, साधा चालत नाही. पाच जोड्यांत थोडाफार फरक असतोच. ०.४३ आणि ०.४७ असेल तर सोडून द्या.

डायोडकडे टक लावून बघू नका. समोर छोटे ठिपके दिसतात, पण डोळ्यापुढे त्यांचे हिरवे डाग बराच वेळ नाचत राहतात.

टांगणं आणि मोजणं

दिवा चार कोपऱ्यांना दोरी-कप्पीने टांगा, उंची बदलता आली पाहिजे. पानांच्या वर २५ सेंटिमीटरपासून सुरुवात करा. अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौपट कमी होतो, हा नियम इथे लावू नका. तो एका बिंदूतून निघणाऱ्या प्रकाशाचा आहे. शेल्फभर पसरलेल्या दिव्याजवळ प्रकाश त्याहून बराच हळू कमी होतो.

पीपीएफडी मोजणारं उपकरण महाग पडतं. पांढऱ्या दिव्यासाठी साधा लक्समीटर पुरतो: लक्स भागिले ६७. २५० पीपीएफडी म्हणजे १६,७५० लक्सच्या आसपास. मीटर पानांच्या उंचीवर आडवा सपाट ठेवा, दिव्याकडे रोखू नका, आणि स्वतः बाजूला व्हा. पुढे कधी ६६० चे लाल डायोड जोडले तर हा भागाकार बदलेल. त्या रंगाला आपला डोळा जवळजवळ आंधळा आहे, म्हणून लक्समीटरही तो फारसा मोजत नाही. फोटॉनमधला १५ टक्के वाटा लाल असेल तर ६७ ऐवजी ५८ ने भागा.

लांबीत पाच आणि रुंदीत तीन अशा पंधरा जागी मोजून सरासरी काढा. माझ्या शेल्फवर पहिल्यांदा सरासरी १४,१०० लक्स आली, म्हणजे २१०. अपेक्षेपेक्षा कमी. बाजू उघड्या होत्या. तीन बाजूंना पांढरा, बिनचकाकीचा फोमबोर्ड लावला आणि तीच सरासरी १६,४०० झाली, म्हणजे २४५. एक वॅटही न वाढवता १६ टक्के उजेड जास्त! चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलपेक्षा पांढरा रंग बरा. फॉइल ठिकठिकाणी झगमगते आणि बाकीचा प्रकाश भलतीकडे जातो.

आता दिव्याचा खरा आकडा काढू. २४५ × ०.७२ = १७६ मायक्रोमोल पानांवर, आणि वॉटमीटरवर ९८ वॅट. भागाकार १.८. सॉकेटमधल्या एका जूलमागे पानाला मिळालेले फोटॉन ते हेच. कुणी आपल्या दिव्याची २.८ किंवा ३ अशी बढाई मारली तर विचारा, डायोडजवळ मोजलं की पानाजवळ?

टायमर, हवा, पाणी

ड्रायव्हर चालू होताना क्षणभर फार मोठा करंट ओढतो, थंड असताना ५०-६० अँपिअरपर्यंत. हलक्या टायमरमधला रिले त्याने चिकटून बसतो आणि दिवा बंदच होत नाही. टायमर घेताना त्याच्या मोटर किंवा एलईडी भाराचा आकडा बघा, नुसता १६ अँपिअर बघून भुलू नका.

दिव्याचे १६ तास गरम दिवसांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत ठेवले तर खोली आणि टाकी दोन्ही कमी तापतात. शेवटी ९८ वॅटची सगळीच उष्णता होते, पानांवर पडलेल्या प्रकाशाचीही. टाकीचं पाणी १८ ते २२ अंशांत ठेवता आलं तर छान. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत ७.६, आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला नेमकं तेच कोमट पाणी आवडतं. टाकी आणि नळ्यांवर उजेड पडू देऊ नका, आठवड्यात शेवाळ धरतं.

दिवा चांगला झाला की नवी तक्रार सुरू होते: लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी. इथे द्रावणात कॅल्शियम वाढवून काही होत नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानात जातं, आणि गाभ्यातल्या पानांतून पाणी उडत नसेल तर ते तिथवर पोचत नाही. लहान पंखा वरून, पानं जेमतेम हलतील इतका, दिवसभर. तरी नाही थांबलं तर तास १६ वरून १४ करा.

रोपं उंच, बारीक, एका बाजूला झुकलेली असतील तर उजेड कमी आहे. वरची पानं फिकट आणि वाट्यासारखी वळलेली, खालची मात्र ठीक, तर दिवा ५-१० सेंटिमीटर वर न्या.

दिवा लुकलुकत असेल तर आधी प्रत्येक कनेक्टर ओढून बघा, नंतर ड्रायव्हरवर संशय घ्या. पट्ट्यांवर धूळ आणि द्रावणाच्या शिंतोड्यांचे पांढरे मिठाचे डाग जमतात. दिवा बंद करून, गार झाल्यावर, मऊ कोरड्या ब्रशने झाडा. मीठ चिकटलंच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम भिजवलेला कापूस फिरवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका.

अँगलच्या कडेला मी मार्करने नोंदी लिहितो. पहिल्या दिवशी: ९८ वॅट, १६,४०० लक्स. चौदा महिन्यांनी: ९८ वॅट, १५,७००. त्याच्याच खाली, त्याच तारखेला, ब्रश फिरवून झाल्यावर: १६,२००.